हरितगृहाचे जोते

लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत आयुष्यभर जोती घालीत आलेल्या माझ्यासारख्याला जेव्हा एखादे बागप्रेमी गृहस्थ विचारतात की, पारदर्शक छताच्या इतक्या हलक्या हरितगृहाला दगडी पायाचा खर्च कशासाठी, तेव्हा मी उत्तर देतो की, राहत्या घराचे जोते भार पेलण्यासाठी असते, हरितगृहाचे मात्र त्याला जमिनीशी धरून ठेवण्यासाठी; वळवाचा वारा छताखाली शिरून सांगाडा वर उचलू लागला की दगडांचे वजन आणि त्यांत खोल रोवलेले लोखंडी बोल्ट हाच काय तो आधार उरतो.

पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती पायाखाली मुळीच राहू देऊ नये. मुरूम लागेपर्यंत खणावे. तो फार खोल असल्यास माती उपसून तिच्या जागी वीत-वीतभर थरांनी मुरूम भरावा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. आखणी नकाशाबरहुकूम झाली, असे दोन्ही कर्ण समान भरल्यावरच मानावे.

बांधकामात मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. मातीत रचलेल्या त्या भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या अंगांना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच. जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हे त्या दिवसापासून या भागातल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून गुडघाभर उंचीच्या जोत्यातही मी प्रत्येक थरात ठरावीक अंतरावर आरपार दगड घालतो, सांधा सांध्यावर येऊ देत नाही, आणि दगड भिजवल्यावाचून मसाल्यावर बसवू देत नाही.

दरजा भरून झाल्या, माथ्यावरची फरशी बाहेरच्या अंगाला किंचित उतार देऊन बसली, म्हणजे काम संपले असे मजूर समजतात. वस्तुतः निदान सात दिवस ओली गोणपाटे पांघरून ते मुरवावे लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे छतावरचे पाणी पन्हळीने टाकीत नेण्याची तजवीज जोत्याबरोबरच करावी. त्याने पाणीही साठते आणि पायालगतची माती फुगत नाही.

हे काम दिवाळीनंतर, जमिनीत मध्यम ओल असताना काढावे; भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर जोते घालण्याची घाई कोणीही करू नये.