चंद्रोदयाची चौकट

नागपूरच्या घरी कॅलेंडर स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेलं असे. त्याच खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ मला कळायला लागल्यापासून आमच्याकडे होतं. तिथी-नक्षत्रं छापील, आणि उरलेल्या जागेत आईचा संसार. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मुद्दाम कुणी वाचत नसे. येता-जाता नजर पडे, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असे.

लग्न होऊन मुलुंडला आले. पुढे हातात स्मार्टफोन आला. किराण्याची यादी एका अ‍ॅपमध्ये, बिलांच्या तारखा दुसऱ्यात. उघडून बघायचं लक्षात राहिलं तरच उपयोग, आणि मला नेमकं तेच राहत नसे. अ‍ॅप न उघडताच पडद्यावर माहिती दाखवणाऱ्या चौकटीची, म्हणजे विजेटची, सोय अँड्रॉइडवर २००९पासूनच होती, आयफोनच्या होम स्क्रीनवर ती २०२०मध्ये आली. मला मात्र ती फार उशिरा कळली. रिकाम्या जागी बोट दाबून धरलं, कॅलेंडरची चौकट ओढून आणली, आणि हरवलेला खिळा सापडल्यासारखं वाटलं.

त्या कॅलेंडरला भाऊ-वहिनीलाही जोडून घेतलं. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब कधी संपणार, हे वहिनी नागपुरात लिहिते आणि मला इथे दिसतं. अक्षर तेवढं दिसत नाही. सात गिरवून त्याचा नऊ करायची आईची ती खाडाखोड मला अजून हवी आहे.

बाकीची विजेटं काढून टाकली. बातम्यांचं तर आठवडाभरही ठेवलं नाही. सतत डोळ्यांसमोर असावं असं त्यात काही नसतं. कॅलेंडर राहिलं, आणि पंचांगाचं राहिलं ते चंद्रोदयासाठी.

एरवी सूर्योदयाला असेल ती तिथी त्या दिवसाची धरतात. संकष्टीला मात्र चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. आणि चंद्र गावागणिक वेगळ्या वेळी उगवतो. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे, अंशाला चार मिनिटं धरली तर तिथे तो पंचवीसेक मिनिटं आधी. लहानपणी आम्ही गावांच्या यादीत बोट फिरवत नागपूर शोधायचो. विजेट फोन जिथे आहे तिथली वेळ देतं. एकदा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे ते आदल्या दिवसावरच अडकून पडलं, आणि मी पाऊण तास आधीच उपास सोडला. फार चुटपुट लागली. त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन त्याच रात्री काढलं.

मागच्या संकष्टीला सव्वानऊच्या सुमारास आईचा फोन आला.

“निघाला गं चंद्र. गॅलरीतून दिसतोय, लालसर आहे. तुझ्याकडे?”

मी पडद्यावर पाहिलं. नऊ एकेचाळीस.

“अजून वेळ आहे, आई. तू जेवून घे.”

“राहू दे. थांबते मी,” ती म्हणाली, आणि फोन चालूच ठेवून तिने गॅलरीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.