बंबावर चढण्याआधी

फायरमन व्हायला काय लागतं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या दलात? सगळीकडे एकच नियम नाही. मुंबई महापालिकेने २०२३ च्या सुरुवातीला ९१० अग्निशामकांची भरती घेतली, तेव्हा बारावी पास, पुरुषांना उंची १७२ सेंमी आणि महिलांना १६२ अशी अट होती. शिकवण्याचं काम निवडीनंतर दलच करतं. इतर बऱ्याच महापालिका दहावीवर अर्ज घेतात, पण सरकारमान्य सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स आधीच झालेला मागतात. राज्याची अग्निशमन अकादमी सांताक्रूझला आहे.

तालुक्याच्या गावीही आता ‘फायर अँड सेफ्टी’च्या पाट्या दिसतात. यातली सगळीच प्रमाणपत्रं महापालिका भरतीत चालत नाहीत. फी भरण्याआधी एखाद्या महापालिकेची जुनी जाहिरात काढावी, तिथे कोणत्या संस्थेचा कोर्स मागितलाय ते शब्दन् शब्द वाचावं आणि मगच पैसे द्यावेत. बापाने सोसायटीचं कर्ज काढून पाठवलेल्या पोराला हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं. फळ्यावर लावून सांगायला हवं.

मैदानी चाचणीत धावणं असतं, शिडी असते, माणसाच्या आकाराचा बाहुला खांद्यावर घेऊन जाणं असतं. मुंबईच्या भरतीत १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडीही होती. धावण्याचा सराव पोरं रोज पहाटे करतात. उंचीची भीती मात्र गावच्या ग्राउंडवर जात नाही, ती थेट परीक्षेच्या दिवशी समोर येते. ट्रेकिंगवाल्यांबरोबर चार वेळा दोरीवर उतरून पाहिलं तरी अंदाज येतो.

निवडीनंतर येतं श्वसनयंत्र. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, भरलेला असताना दाब साधारण ३०० बार. ५५ च्या आसपास आला की शिट्टी वाजते. तिचा अर्थ एकच, मागे फिर. ऐकायला सोपं आहे. पण धुरात स्वतःचा हातही दिसत नसतो, भिंतीला तळवा लावून माणूस सरकत असतो, आणि आत कुणीतरी असल्याचं बाहेरचे लोक ओरडून सांगत असतात. घाबरलेला माणूस हवा भराभर संपवतो. म्हणून शांत श्वास घेणं हा या नोकरीतला खरा कस आहे, असं माझं मत आहे. छातीचा घेर टेपने मोजता येतो, हे मोजता येत नाही.

‘वर्दी’, म्हणजे मदतीचा निरोप, आली की दर वेळी आगच असते असं नाही. लिफ्टमध्ये अडकलेले, रस्त्यावर पडलेलं झाड, सुजलेल्या बोटातली अंगठी, मांज्यात गुरफटलेली घार. तिथेही बंब जातोच.

काही वर्द्यांवरून मात्र माणसं परतत नाहीत. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच वेळी होती. आग विझवायला गेलेले ६६ जण स्फोटात गेले. तोच दिवस अग्निशमन सेवा दिन. आणि ९ मे २०१५, काळबादेवीची गोकुळ निवास इमारत: प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. अधिकारी झालं की बाहेर उभं राहून हुकूम सोडायचे, असं ज्याला वाटतं त्याने ही चार नावं शोधून वाचावीत.

अधिकारी व्हायचं तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय. २००२ मध्ये तिथे प्रवेश घेणारी पहिली मुलगी म्हणजे हर्षिणी कान्हेकर. पुढे त्या ओएनजीसीत अधिकारी झाल्या.

खासगी क्षेत्रात कामं वाढली ती राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने. इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. रुग्णालयं, मॉल, रिफायनऱ्या, उंच इमारती, सगळीकडे जाणता माणूस लागतो. विमानतळावर जायचं असेल तर वाहन परवानाही काढून ठेवा.

शेवटची नोंद रागाची आहे. अनेक ठिकाणी फायरमन ठेकेदाराकडून घेतलेले असतात. वर्दी तीच, धूर तोच, पगार निम्माही नाही, आणि गेला तर घरच्यांच्या हाती काय पडेल याची खात्री नाही. शिवाय ठेका बदलला की माणूस जातो, आणि कुठल्या गल्लीत बंब वळत नाही, कुठला हायड्रंट कोरडा आहे, हे त्याच्याबरोबरच जातं. नवा पोरगा ते पहिल्या आगीत शिकतो.