दाराच्या चौकटीतून

घरातले फोटो काढायचे म्हटले की आपण सगळ्यांना सोफ्यावर बसवतो आणि "हसा" म्हणतो. मग चेहरे दिसतात, पण माणसं दिसत नाहीत. त्यापेक्षा एकदा दाराबाहेर थांबून बघा. आत आई आजीची वेणी घालतेय, दोघी आपल्यातच रमल्यात. दाराची चौकट आणि अर्धवट सारलेला पडदा यांमुळे आपली नजर थेट त्या दोघींवर जाते.

ही युक्ती फार जुनी आहे. डच चित्रकार व्हर्मीर यांच्या 'प्रेमपत्र' या सुमारे १६६९-७० मधल्या चित्रात, बाजूला सारलेल्या पडद्यापलीकडे, दारातूनच दोघी दिसतात.

तुम्हीही करून बघा. आपण अंधाऱ्या बाजूला उभं राहायचं, उजेड आतल्या खोलीत हवा. मोबाइलच्या स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, म्हणजे चेहरा नीट उजळतो आणि चौकट काळोखी होते. व्हिडिओ काढताना मोबाइल चौकटीला टेकवून धरा, हात हलणार नाही.

पण दारातून टिपणं आणि चोरून बघणं यांत अंतर असतं ते फक्त परवानगीचं. आजीच्या आजारपणात मी आधी विचारायचे, "आजी, काढू का गं?" कधी ती मान हलवायची, कधी म्हणायची, "पडदा ओढ." त्या दिवसांचे फोटो माझ्याकडे नाहीत, आणि मला त्याची खंत नाही.

म्हणून फोटो काढलात की आधी ज्याचा आहे त्याला दाखवा. फॅमिली ग्रुपवर टाकायचा की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.