सात दिवसांचा पास आणि चार गुंठे



महिनाभर पेजवर काही टाकलं नाही. दोघातिघांनी मेसेज करून विचारलं, "मळा विकला का?" नाही विकला. मी आणि आमच्या सौ. लेकीकडं जर्मनीला गेलो होतो, लाइपझिगला. परवा आलो. बॅगा तशाच ठेवून आधी रानात गेलो. मेथी फुलावर आलेली, कोथिंबिरीला धने धरलेले, आणि कंपाउंडच्या पलीकडच्या बिल्डिंगचा अजून एक स्लॅब पडलेला.

जुन्या वाचकांना माहीत आहे, नवीन आलेल्यांसाठी सांगतो. धायरीत आमचं आता बावीस गुंठेच राहिलंय. मी, धाकटा भाऊ आणि आक्का, तिघांचं मिळून. २०१७ ला गाव महापालिकेत गेलं, पण त्याच्या कितीतरी आधीच रानात गुंठेवारी घुसली होती. या तुकड्याला विहीर आहे म्हणून तो राहिला. गेल्या वर्षीपासून त्यालाही गिऱ्हाईक आहे. धाकटा म्हणतो, "दादा, तुम्ही एकदाचं ठरवा. पालेभाजीच्या जुड्या बांधून किती दिवस काढणार?" त्याचं चुकत नाही. त्याची दोन पोरं शिकतायत, आणि मार्केटयार्डात मेथीला काय भाव मिळतो ते मला वेगळं सांगायला नको. मी जाताना त्याला म्हणलं होतं, आल्यावर बोलू. म्हणजे मी तिकडं गेलो तो हा प्रश्न खिशात घेऊनच.

लेकीनं साठीचं म्हणून आम्हा दोघांना रेल्वेचा पास काढून दिला. मी म्हणलं, "साठीची शांत करायची तर घरी कर, सगळे जेवतील तरी." ती म्हणाली, "आबा, जेवणं काय होतच राहतात. तुम्ही खिडकीत बसा, शेतं बघा." पास म्हणलं की आम्हाला पीएमटीचा पास आठवतो. स्वारगेटपर्यंत रोज त्याच रस्त्यानं जायचं. हा पास उलटा. महिन्याभरात कुठलेही सात दिवस निवडायचे, आणि त्या दिवशी रात्री बारापासून पुढच्या रात्री बारापर्यंत हव्या तेवढ्या गाड्या बदलायच्या. ३३ देशांत चालतो.

कुणीतरी विचारणारच, म्हणून पासचं थोडक्यात सांगून टाकतो.

– आपल्यासारख्या बाहेरून जाणाऱ्यांसाठी तो युरेल पास, १९५९ पासून आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, तो १९७२ पासून. लेक तिथं राहते म्हणून तिला आमचा पास चालत नाही. इंटररेल काढला तरी स्वतःच्या देशात त्यावर जाण्याचा एक आणि येण्याचा एक, एवढाच प्रवास करता येतो. त्यामुळं आम्ही दोघंच फिरलो.
– साठीच्या पुढं दहा टक्के सवलत आहे. सेकंड क्लास चांगला असतो, फर्स्टची गरज नाही.
– पास मोबाईलमध्ये असतो. गाडीत बसायच्या आधी तो प्रवास ॲपमध्ये टाकायचा, मग चौकोनी कोड येतो. टीसी तोच बघतो.
– पास म्हणजे सीट नव्हे. फ्रान्स, इटलीच्या जोरात पळणाऱ्या गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे. जर्मनीत रिझर्व्हेशनशिवाय बसता येतं.
– शहरातली मेट्रो, ट्राम यात धरू नका. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊसारख्या डोंगरावर चढणाऱ्या गाडीला पासवर फक्त सवलत मिळते.
– जाड चार्जर जवळ ठेवा. मोबाईल बंद पडला की पास बंद.

आमची फजितीही सांगतो. सीटच्या वर बारक्या अक्षरात दोन स्टेशनांची नावं येतात. त्याचा अर्थ, या दोन स्टेशनांच्या मधे ही सीट दुसऱ्या कुणाची तरी आहे. ते आम्हाला कळलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तीनदा उठावं लागलं. तिसऱ्यांदा सौ. म्हणाल्या, "अहो, आपण दारातच उभं राहू, दौंडच्या शटलसारखं."

आता शेतीचं.

पहिला दिवस लाइपझिग ते ॲमस्टरडॅम, हॅनोवरला गाडी बदलून. लाइपझिग सोडलं की मॅग्डेबुर्गकडं काळी माती लागते, आपल्या काळ्या रानाची आठवण व्हावी अशी. गहू, शुगर बीट, आणि मे महिना असल्यामुळं मोहरीच्या जातीचं एक पिवळंधमक पीक. गाडी पळतेय, मी घड्याळ लावून बसलोय, आणि गव्हाचं एकच रान संपायला तयार नाही. बांध नाही, झाड नाही. जावयांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हा पूर्व जर्मनीचा भाग. तिथल्या सरकारनं १९६० पर्यंत सगळ्या शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या, बांध मोडले. १९९० नंतर कागदावर मालकी परत मिळाली, पण बांध काही कुणी परत घातले नाहीत. आजही बरंचसं रान मोठमोठ्या संस्था, कंपन्याच करतात.

हॅनोवरच्या पुढं चित्र बदललं. लाल विटांचं मोठं घर, त्याहून मोठं गोठ्याचं छप्पर, शेजारी ओकची जुनी झाडं, आणि सगळं रान त्या घराभोवती. मग बऱ्याच अंतरावर दुसरं तसंच घर. या भागात वाटणी होत नाही. वाडा आणि रान सगळं एकाच पोराच्या किंवा पोरीच्या नावावर जातं, बाकीच्यांना पैसे. तेही बाजारभावानं नाही, बरेच कमी. रीत फार जुनी, पण आता चालू असलेला कायदा १९४७ चा. मला हसू आलं. आपला तुकडेबंदीचा कायदाही १९४७ चाच. त्यांचे वाडे अखंड राहिले, आणि आपल्याकडं कायदा कागदावर आणि तुकडे जमिनीवर.

मी सौ.ना म्हणलं, "बघ, असं पाहिजे. एकाच्या नावावर." त्या खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचं काय? आक्काला असं सांगाल का तोंडावर?" मी गप्प बसलो. नंतर लेकीनंही तेच सांगितलं. त्या वाड्यांतली धाकटी पोरं गडी म्हणून राबली, शहरात गेली, कित्येक बोटीत बसून अमेरिकेला गेली. अखंड दिसणाऱ्या रानाची किंमत कुणीतरी भरलेलीच असते.

दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅमहून लेलीस्टाट, तिथून पुढं झ्वोलेच्या गाडीत. हा सगळा मुलूख आधी पाण्याखाली होता. बांध घातला, पंपानं पाणी उपसलं. पूर्वेकडचा भाग १९५७ ला कोरडा झाला, दक्षिणेकडचा १९६८ ला. चिखल लवकर सुकावा म्हणून आधी विमानातून लव्हाळ्यासारख्या गवताचं बी फेकलं. आज तिथं बटाटा, कांदा, बीट निघतं. रान समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे. पंप थांबले तर परत पाणीच. एवढ्या खटाटोपानं काढलेल्या जमिनीवर कांदा लावतात, हे बघून जरा गलबलून आलं. आपली विहिरीखालची जमीन फुकट मिळालेली, म्हणून ती बिल्डिंगला लगेच आठवते.

तिसऱ्या दिवशी राइन नदीच्या कडेनं खाली बाझेलला. कार्ल्सरूहच्या पुढं रानं एकदम बारीक झाली. लांबलचक पट्ट्या, एकात द्राक्ष, शेजारी स्ट्रॉबेरी, शेजारी प्लॅस्टिकनं झाकलेले उंच वरंबे. ते शतावरीच्या जातीचं पीक आहे, तिकडं पांढरे कोंब खातात. कोंबाला ऊन लागू नये म्हणून माती चढवून झाकायचं. २४ जूनला काढणी बंद, मग भाव कितीही असो. झाडाला पुढच्या वर्षासाठी बळ धरू द्यायचं. हे मला फार आवडलं.

पट्ट्या बारीक का, तर या भागात सगळ्या लेकरांना सारखी वाटणी करायची रीत. पिढ्यान्पिढ्या फाळण्या पडून रान एवढुसं झालं. पुढं सरकारनं तुकडे अदलाबदल करून जोडून दिले, आपल्याकडं काही गावांत गट पाडले तसंच. तरी पट्ट्या दिसतातच. म्हणजे बघा, एका पासात तीन सातबारे वाचून झाले. सरकारनं बांध मोडलेला, एकाच्याच नावावर राहिलेला, आणि सगळ्यांत वाटलेला. पाऊस, माती यांच्याइतकंच घरातल्या माणसांनी काय ठरवलं ते रानात दिसतं.

पुढचे दिवस डोंगरात, मग म्युनिक, व्हिएन्ना, प्राग करत परत. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन ते लुझर्न बसलो. सिंहगडाच्या चढासारख्या उतारावर गवत कापून वाळत घातलेलं. तिथं उतार जेवढा जास्त तेवढे सरकार हेक्टरी पैसे जास्त देतं, नाहीतर त्या चढाला कोण गवत कापणार? बर्फाचे फोटो सौ.च्या मोबाईलमध्ये आहेत, माझ्याकडं गवताचे.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. जर्मनीत कुठल्याही शहराजवळ गाडी आली की रुळाच्या कडेला बारक्या बारक्या बागा लागतात. एक लाकडी खोपटं, दोन सफरचंदाची झाडं, बटाट्याच्या सरी, वेलाला काठ्या. मला वाटलं झोपडपट्टी आहे. लाइपझिगला परत आल्यावर लेकीनं एका बागेत नेलं. तिच्या ऑफिसातल्या बाईच्या आईची बाग. आजीबाई ऐंशीच्या. गुडघ्याखाली उशी घेऊन खुरपत होत्या. त्यांच्या हातातलं खुरपं मी मागून घेतलं आणि एक वाफा काढून दिला. भाषा येत नव्हती, पण काम दोघांनाही येत होतं.

या बागांची सुरुवातच लाइपझिगची. १८६४ ला तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांना घेऊन मंडळ काढलं, श्रेबर नावाच्या वारलेल्या डॉक्टरच्या नावानं. आधी पोरांना खेळायला मोकळी जागा होती. एका शिक्षकानं कडेला पोरांसाठी वाफे पाडले, पोरं कंटाळली, मग आईबापांनी ते वाफे धरले. महायुद्धांच्या काळात याच वाफ्यांनी कित्येकांना जगवलं. जर्मनीत १९८३ चा वेगळा कायदा आहे या बागांसाठी. एक बाग जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर. खोपटं २४ चौरस मीटरच्या वर नाही, त्यात कायम राहायचं नाही. आणि ढोबळमानानं तिसरा हिस्सा तरी भाजी-फळांखाली पाहिजे, नुसती हिरवळ चालत नाही. जमीन भाड्यानं असते. सोडून जाताना झाडांचे आणि खोपटाचे पैसे मिळतात, जमिनीचे नाही. मोठ्या शहरांत त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात.

४०० चौरस मीटर म्हणजे किती? मी तिथंच हिशोब केला. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे चार गुंठे. आमच्याकडं चार गुंठे म्हणलं की माणूस किती मजले बसतील ते मोजतो. तिथं चार गुंठ्यांत घेवडा बसतो का बटाटा, यावर आजीबाई शेजाऱ्याशी वाद घालत होत्या.

मी काही भाबडा नाही. त्यांची ती जमीन भाड्याची, आमची बाजारभावाची. त्यांच्या मागं कायदा आहे, आमच्या मागं पोरांच्या फिया. तिथं बघितलं ते इथं तसंच्या तसं लावता येत नाही, बी सुद्धा लागत नाही.

काल रविवारी तिघं बसलो. मी म्हणलं, विकायचं तर विका, मी आडवा येणार नाही. पण विहिरीच्या कडेचे चार गुंठे ठेवू. वाटायचे नाहीत, तिघांच्या नावावर एकत्रच. बांधायचं नाही, पेरायचं. धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, चार गुंठ्यांची आजची किंमत माहितीये ना तुम्हाला?" म्हणलं, माहितीये, म्हणून तर चारच म्हणतोय. तो म्हणाला, "बघतो, घरी विचारतो." नाही म्हणाला नाही.

आक्का इतका वेळ शेंगा सोलत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्यात मला मिरच्या लावता येतील का?" सौ.नी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "आक्का, पहिला वाफा तुझा."

ठरलेलं काही नाही. ठरलं की सांगेन, तोवर कमेंटमध्ये भाव विचारू नका.

आज सकाळी फुलावर आलेली मेथी उपटून गाईला टाकली. कोथिंबीर धन्यासाठी राहू दिलीय. चार वाफे परत पेरले.