पऱ्हाटी भाजायची की जाळायची?

कॉफीच्या बिया भाजण्यासाठी फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्याचं इंग्रजी रूप म्हणजे टॉरेफॅक्शन. लाकूड, पाचट, पऱ्हाटी असा काडीकचरा भाजून त्याचं कोळशासारखं इंधन बनवणं, असा त्याचा आजचा अर्थ. मराठीत यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही, कारण आपल्याकडे 'भाजणं' आहे. हरभऱ्याचा फुटाणा होतो तो भाजल्यामुळे. तोच हरभरा थेट आगीत टाकला तर हातात राख येते. आमच्या औरंगपुऱ्यात फुटाणे-शेंगदाण्यांच्या गाडीसमोर दोन मिनिटं उभं राहिलात तर अर्धं विज्ञान तिथेच कळतं.

उरलेलं अर्धं सांगतो. काडीकचरा हवा न लागू देता साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवायचा. आधी पाणी उडतं. मग त्यातलं हेमिसेल्युलोज मोडतं. लाकडाचे तंतू एकमेकांना चिवटपणे धरून ठेवण्यात आणि हवेतला ओलावा ओढून घेण्यात त्याचा मोठा हात असतो. ते गेलं की दोन गोष्टी होतात. चिवट काडी पापडासारखी ठिसूळ होते, म्हणून कोळशाच्या गिरणीत दळता येते. आणि ती पाणी फारसं धरत नाही, म्हणून लवकर कुजत नाही. या भाजण्यात वायू निघतो, तोच जाळून भट्टीची बरीचशी उष्णता भागवता येते.

हिशेबही सोपा आहे. पुस्तकी आकड्यांनुसार सुकं वजन १०० किलो असेल तर भाजल्यावर ७० किलो उरतं, पण ऊर्जा ९० टक्के शिल्लक राहते. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे ४००० किलोकॅलरी धरल्या, तर भाजलेल्या पऱ्हाटीत ५१०० च्या वर जातात. आपल्या वीज केंद्रांत येणाऱ्या राखेने भरलेल्या कोळशापेक्षा हा आकडा चांगला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा बॉयलरशी संबंध पदवीच्या दुसऱ्या वर्षीच सुटला. तरी हे सगळं वाचावं लागलं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. फुलंब्री तालुक्यात आमची सहा एकर कापसाची जमीन तो कसतो. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच कापसातून गेली, आणि दादाचं शिक्षण बारावीनंतर थांबलं, हेही त्याच हिशेबात येतं. घरात हे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या जानेवारीत दादा जिल्हा परिषदेत काहीतरी कामाला आला होता. ऑफिस औरंगपुऱ्यातच, त्यामुळे दुपारी माझ्या खोलीवर जेवायला आला. जेवण झाल्यावर पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढलं. कचऱ्यातून सोनं, सरकारी धोरणाचा पाठिंबा, हमखास मागणी वगैरे. पऱ्हाटी भाजून पेलेट बनवायचं यंत्र. कर्ज काढायचं तर जमीन तारण. "तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा," एवढंच म्हणाला.

धोरण खरं आहे, हे आधी सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत ५ टक्के बायोमास जाळायला सांगितलं. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: २०२४-२५ पासून ५ टक्के आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून ७ टक्के. ज्या केंद्रांतल्या कोळशाच्या गिरण्या बॉल-अँड-ट्यूब प्रकारच्या आहेत, त्यांच्यासाठी तर भाजलेलेच पेलेट सांगितले आहेत. म्हणजे माहितीपत्रक थाप मारत नव्हतं. ते फक्त अर्धंच बोलत होतं.

उरलेलं मी एक्सेलमध्ये मांडलं. परळीच्या वीज केंद्रात २५० मेगावॉटचे संच आहेत. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला आणि एका युनिटला ०.७ किलो कोळसा धरला, तर दिवसाला ४२०० टन लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे २१० टन. एवढा भाजलेला माल द्यायचा तर ३०० टन सुकी पऱ्हाटी हवी. एकरी साधारण एक टन धरली, तर रोज ३०० एकरांची.

मग आमची सहा एकरं टाकली. सहा टन पऱ्हाटी, भाजून ४.२ टन. वर्षभराच्या कापसाच्या सगळ्या काड्या त्या एका संचाचा ५ टक्के वाटा जेमतेम अर्धा तास भागवतील.

दादाने तो आकडा पाहिला आणि हसला. "म्हणजे आपला सगळा बाराही महिन्यांचा कारभार अर्ध्या तासाचा."

माल कमी नाही. महाराष्ट्रात साधारण ४० लाख हेक्टरवर कापूस होतो. अडचण आहे ती गोळा करण्याची. पऱ्हाटी निघते जानेवारी ते मार्च, यंत्राला मात्र बारा महिने खायला हवं आणि बँकेला बारा महिने हप्ता. मोकळ्या पऱ्हाटीने ट्रॉली दिसायला भरते, वजनाला भरत नाही. उपटायला मजूर, भरायला मजूर, साठवायला जागा, आणि मेमध्ये त्या गंजीला आग लागू नये म्हणून राखण. माहितीपत्रकात यासाठी एकही ओळ नव्हती.

फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात पेशिने या धातू कंपनीने लाकूड भाजण्याचा मोठा कारखाना काढला होता. तंत्र चाललं, पण काही वर्षांत तो बंद झाला. उलट छोटी कामं टिकल्याची उदाहरणं आहेत. पुण्याच्या 'आरती' या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्यासाठी २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. ते भाजणं नव्हे, पूर्ण कोळसा करणं, पण भट्टी शेताकडे न्यायची हा विचार तोच. २०२१ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळालेलं विद्युत मोहन यांचं 'टाकाचार' टॉरेफॅक्शनच करतं, तेही ट्रॅक्टरला जोडता येईल अशा लहान यंत्राने.

हे सांगितल्यावर दादाने एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "सगळीच नेली तर रानात काय राहील?"

आमच्याकडे बहुतेक जण पऱ्हाटी बांधावर पेटवून देतात, आणि त्याला कारण आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भाचा कापूस खाल्ला. उभ्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून फरदड घेऊ नका, रान लवकर मोकळं करा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पेटवणं सगळ्यात स्वस्त. कुट्टी करून मातीत मिसळली तर सेंद्रिय कर्ब परत जातो, पण डिझेल लागतं. विकली तर चार पैसे येतात, पण माती उपाशी राहते. भाजणं चांगलं की वाईट, याचं उत्तर पऱ्हाटी त्याआधी कुठे जात होती यावर ठरतं. बांधावर धूर होऊन जाणार असेल तर भाजणं नक्कीच बरं. मातीत जाणार असेल तर थांबून विचार करावा लागतो.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. चार एकरांची कुट्टी भाड्याच्या यंत्राने करायची. दोन एकरांची पऱ्हाटी गावातल्या इतरांबरोबर एकत्र करून ब्रिकेटवाल्याला द्यायची. वाळूजला एका कारखान्याच्या बॉयलरमध्ये ब्रिकेट जळताना दादाने स्वतः पाहिलं होतं. ब्रिकेट म्हणजे न भाजता दाबलेला भुगा. कमी हुशार इंधन, पण गिऱ्हाईक तीस-चाळीस किलोमीटरवर.

पैसे फार आले नाहीत. मजुरी वजा जाता जे उरलं त्यात कुट्टीचं डिझेल निघालं. बांधावर या वर्षी आमचा धूर नव्हता. शेजारच्यांचा होता.

ती एक्सेल फाईल दादाच्या मोबाईलवर आहे. यंत्र विकणाऱ्याचा फोन अजून येतो. दादा त्याला दर वेळी फाईलमधला एकच रिकामा रकाना वाचून दाखवतो: 'पाच वर्षांसाठी खरेदीचा लेखी करार, किलोला किती?' तो भरला की सातबारा घेऊन बँकेत जाऊ, म्हणतो. समोरचा म्हणतो, साहेबांशी बोलून सांगतो.