अर्धलीची शेळी

आमच्या दारात बांधलेली पहिली शेळी आमची नव्हती. ती नानीची होती आणि आमच्याकडे अर्धलीनं आली होती. अर्धल म्हणजे जनावर एकाचं, सांभाळणं दुसऱ्याचं, आणि होतील ती करडं निम्मी निम्मी. मूळ शेळी मालकाचीच राहते. दूध आणि लेंडीखत सांभाळणाऱ्याचं. याला कागद लागत नाही, व्याज नसतं, हप्ता नसतो. भूम-परंड्याच्या बाजूला, बालाघाटच्या उतारावर आमचं गाव. तिथं गरिबाला पैसा उभा करायच्या वाटा दोनच: ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, नाहीतर शेजाऱ्याची अर्धल. आमच्या घरानं दोन्ही पाहिल्या. पुढं मी बँकेत लागलो आणि कर्जाचा तिसरा प्रकार टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिला. उचल दादांनी फेडली, कर्जं लोकांनी फेडली किंवा बुडवली. नानीचं देणं मात्र अजून आमच्या अंगावर आहे.

दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलपं लावून कारखान्याकडं निघत. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता, आणि त्याला उचलही अर्धीच. आई-दादा जोडीनं जात तेव्हा मी आणि धाकटी बहीण आजीजवळ राहायचो. आजी गेली त्या साली आम्हाला बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे नाव गावातल्या शाळेच्या पटावर आणि पोर फडात, वाढं गोळा करत. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं अशीच दिवाळीच्या सुमारास गेली आणि पुढं कधी वर्गात दिसलीच नाहीत.

नानी आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिचा नवरा बार्शीच्या बाजारात शेळ्यांचा व्यापार करायचा. तो गेल्यावर तिनं बाजार सोडला, शेळ्या सोडल्या नाहीत. त्या साली दसऱ्याच्या तोंडावर ती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि आईला म्हणाली, "पोरी, तू राहा. गड्याला एकट्याला जाऊ दे. दोन गाभण शेळ्या मी देते, अंगणात चार कोंबड्या फिरतील. अर्धी उचल बुडंल तेवढी ह्यातनं भरून निघंल."

दादांनी विचारलं, "आन् शेळी मेली तर?"

"मेली तर माझी मेली. तुमचं राबणं गेलं, माझं जनावर गेलं. कातडं तेवढं दाखवा."

हा अर्धलीचा कणा आहे. राखण सोडल्यामुळं लांडग्यानं नेली, तर भरपाई द्यायची. आजारानं गेली, तर देणाऱ्याचं देणाऱ्याजवळ आणि घेणाऱ्याचं घेणाऱ्याजवळ. मुकादमाच्या वहीत असं कलमच नव्हतं. तिथं गडी आजारी पडला, पाय मोडला, तरी उचल पुढच्या हंगामाला चिकटून राहायची. नानीनं वर आणखी एक सूट दिली. पहिल्या वेतातली पाट, म्हणजे मादी करडू, सांभाळणाऱ्याची. बोकड विकून जातो, पाट राहते आणि वाढते. मालक सहसा पाटच आपल्याकडं ओढतो. नानी ती आमच्याकडं सोडत होती, म्हणजे आम्ही लवकरात लवकर तिच्या शेळ्यांवाचून उभं राहावं, अशी तजवीज तिनं पहिल्याच दिवशी करून ठेवली होती.

त्या दोन्ही शेळ्या काळ्याभोर, उस्मानाबादी. ही आमच्या जिल्ह्याचीच जात. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, लिंबाचा डहाळा, गायरानावर मिळेल ते खाते, आणि बहुतेक वेळा जुळी देते. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. आई शेतकऱ्याघरची असली तरी तिला शेळीचं बाळंतपण माहीत नव्हतं. ते नानीनं शिकवलं. गावात पद्धत अशी की वार पडल्याशिवाय करडाला पाजायचं नाही. नानी ती मानत नसे. करडू उभं राहायला धडपडू लागलं की ती त्याचं तोंड सडाला लावायची. "वार पडंल तवा पडंल. चीक आधी पोटात जाऊ दे." पुढं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं: आजाराशी झगडायची ताकद करडाला त्या पहिल्या चिकातूनच मिळते, आणि जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी.

एकदा तिळं झालं. सड दोनच, तिसरं करडू मागं पडणार हे दिसत होतं. योगायोगानं नानीच्या घरची एक शेळी त्याच रात्री वीत होती. नानीनं ते तिसरं करडू उचललं, त्या दुसऱ्या शेळीच्या वारेच्या पाण्यानं चोळून काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. शेळीनं वास घेतला, चाटलं आणि पाजू दिलं. शेळी पिल्लू वासावर ओळखते. ते करडू वाटणीत कुणाचं धरायचं, यावर आई आणि नानी बराच वेळ भांडल्या. दोघीही ते दुसरीचं आहे असं म्हणत होत्या.

पहिला पाऊस पडून गायरान हिरवं झालं की नानी शेळ्या उन्हं वर येईपर्यंत सोडू द्यायची नाही, आणि सोडायच्या आधी वाळला चारा टाकायला लावायची. रिकाम्या पोटी कोवळं गवत हापसलं की आंत्रविषार होतो आणि सकाळी धडधाकट दिसलेलं जनावर संध्याकाळी मरून पडतं. त्याची लस पावसाळ्याच्या आधी टोचून घ्यायची असते. ती लस गावात पोचायच्या कितीतरी आधीपासून नानीचं शास्त्र तिच्या हातात होतं.

विकण्याचं गणित तर तिचंच. नानीजवळ दोन पंचांगं होती. आखाड लागला की गावठी कोंबड्याला भाव, श्रावण लागला की तोच कोंबडा दारात नुसता आरवतो. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते, त्यामुळं बोकड कोणत्या महिन्यात जन्माला यायला हवा हे दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं मोजावं लागतं. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो. लंगडा, कानतुटका, डोळ्यानं अधू चालत नाही. नानी बोकडाचा खालचा ओठ खाली ओढून दात दाखवायची. दुधाचे दोन पडून मोठे दोन आले म्हणजे तो दोनदाती, विकायला तयार. मग पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवून मांस किती धरलंय ते सांगायची. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. विकणाऱ्याला कळतं, शेजारच्याला कळत नाही. ती बोटांची भाषा नानीनं मला आमच्या ओसरीवर, तिच्या पदराखाली शिकवली. दादा फडात असताना बाजारात जाणारा मीच होतो आणि मला कुणी फसवू नये, एवढाच तिचा हेतू होता.

शेळी हा आमचा साठा होता, रोजचा खर्च मात्र कोंबड्यांवर. वही, पेन्सिल, गोडेतेल, काडेपेटी, सगळं अंड्यांवर. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण 60 ते 80 अंडी देते. चार अंडी गेली की दुकानदार वही द्यायचा. कोंबडी खुडूक झाली की आई तिला रवणीवर बसवायची: पाटीत राख, वर भुसा, त्यावर दहा-बारा अंडी. ढगांच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून नानी त्यात लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवायची. खिळ्याचं काय ते अल्ला जाणे, पण आठव्या दिवशी कंदिलासमोर अंडं धरून आत लाल शिरांचं जाळं दिसतंय का ते बघणं, आणि ज्यात दिसत नाही ते काढून टाकणं, हे तिचं चुकत नसे. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटायची. त्यानंतरचा शत्रू घार. संध्याकाळी डालग्याखाली डालताना पिल्लं मोजायचं काम बहिणीकडं होतं.

पण कोंबड्यांचा खरा काळ म्हणजे मर, मानमोडी. कोंबडीची मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं होतं. पुस्तकात याला राणीखेत म्हणतात. लस तालुक्याला मिळायची, पण तिची एक अडचण होती. लासोटाची बाटली शंभर मात्रांची. एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. आमच्या कोंबड्या बारा. बाराजणींसाठी बाटली कोण आणणार? नानीनं आळीतल्या घरांघरांत जाऊन कोंबड्या मोजल्या आणि शंभर भरल्या. मग मला थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीनं तालुक्याला धाडलं. लस द्यायला तिनं रात्रीची वेळ निवडली, कारण तेव्हा कोंबड्या खुराड्यात गप्प बसलेल्या असतात. कंदील घेऊन आम्ही घरोघर फिरलो. एकानं कोंबडी धरायची, दुसऱ्यानं डोळ्यात एक थेंब सोडायचा. ज्या घरांचं आपसात बोलणं नव्हतं, त्यांचीही खुराडी त्या रात्री नानीसाठी उघडली. एका घरची कोंबडी मेली तर आजार भिंत बघत नाही, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. शेजाऱ्याचं वाचलं तरच आपलं वाचतं, हे अर्धलीत मुरलेलं माणूस जाणून असतं.

मी शाळा सोडली नाही, ती आई घरी राहू शकली म्हणून. आणि आई राहू शकली ती नानीमुळं. पदवी झाली, बँकेत नोकरी लागली. ते एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे शेवटचे दिवस होते. 1980 पासून देशभरातल्या सगळ्या विकास गटांत लागू झालेला हा कार्यक्रम 1999 मध्ये दुसऱ्या योजनेत मिसळून गेला. त्यात शेळीगट असायचा: दहा शेळ्या, एक बोकड, अर्धवट अनुदान, बाकीचं कर्ज. लांबच्या बाजारातून दहा शेळ्या एकदम टेम्पोत भरून यायच्या. हवा वेगळी, चारा वेगळा. त्यातल्या काही महिन्याभरात मरायच्या आणि हप्ता मात्र सुरू व्हायचा. विमा होता, पण त्याला मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला हजर करावा लागे. बिल्ला काट्याकुट्यात पडून हरवला असेल तर दावा नामंजूर.

एका सुट्टीत मी हे नानीला सांगितलं. ती म्हणाली, "दहा एकदम कशाला? दोन द्यायच्या. दोनाच्या दहा होईस्तवर हात शिकतो." बिल्ल्याचं ऐकून मात्र ती हसली. "मी कातडं मागते ते शेळी मेली म्हणून पटायला. हे बिल्ला मागतात ते मेली न्हाई असं म्हणायला." त्यानंतर माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक प्रस्तावात, अर्जदाराच्या घरी आधीपासून दोन तरी शेळ्या आहेत का, आणि त्यांना घरातलं कोण बघतं, हे मी विचारत आलो. अर्जाच्या नमुन्यात तो रकाना नव्हता.

2012-13 च्या दुष्काळात आमच्या भागातल्या चारा छावण्या गायी-म्हशींसाठी होत्या. शेळ्यांना कुणी विचारत नव्हतं. लोक मिळेल त्या भावाला विकत सुटले. आईनं नानीच्या आणि आमच्या मिळून सगळ्या शेळ्या हिवराच्या अन् सुबाभळीच्या पाल्यावर जगवल्या. एव्हाना आमची स्वतःची शेळी-करडं बरीच झाली होती, तरी नानीच्या शेळ्या अर्धलीवरच होत्या. मी पगारदार झाल्यावर ती अर्धल सोडवून टाकावी असं मी एकदा सुचवलं, तेव्हा आईनं मला उत्तरसुद्धा दिलं नाही.

नानी गेली तेव्हा तिच्या तीन शेळ्या आमच्या दावणीला होत्या. तिची लेक सोलापूरहून आली. चाळिसावा झाल्यावर आईनं शेळ्या तिच्यापुढं उभ्या केल्या, कुठल्या वेतातलं काय विकलं, किती आलं, सगळं सांगितलं. लेकीनं दोन विकायला सांगितल्या. तिसरीला हात लावला नाही. म्हणाली, "ही राहू द्या अर्धलीनं. हिशेब मिटला तर मी ह्या गावात कुणाकडं येऊ?"

त्या शेळीच्या लेकी-नाती आजही आमच्याकडे आहेत. दर वर्षी बकरी ईदच्या आधी लेकीचा मुलगा सोलापूरहून येतो. बोकडाचे दात बघतो, आईशी वाटणीवरून वाद घालतो, जेवतो आणि निम्म्याचा मालक म्हणून आपला वाटा घेऊन जातो. आईही आता आमच्या शेळ्या दोन घरांना अर्धलीनं देते. पहिली पाट त्यांची, मेली तर आमची. नोकरीत मी कितीतरी माणसांना बेबाकीचे दाखले सही करून दिले. दाखला हातात पडला की माणूस पुन्हा बँकेच्या पायरीकडं वळून बघायचा नाही. आमच्या घराला नानीच्या घराकडून तो दाखला नको आहे, आणि त्यांनीही तो अजून दिलेला नाही.