भाड्याचे घर

परतवाड्यास आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांत आहे. गेल्या पावसाळ्यात वडील अंथरुणास खिळले, तीन महिन्यांचे भाडे थकले आणि घरमालकांनी तोंडी सांगितले, "खोल्या सोडा." आईने भांडी बांधावयास घेतली, आमची सहामाही परीक्षा कोणास आठवते! शेजारच्या वकीलकाकांनी तिला थांबविले. वऱ्हाडात सन १९४९ च्या भाडेनियंत्रण हुकुमान्वये कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीसच देता येत नसे. तो हुकूम २००० साली गेला. तथापि सध्याच्या कायद्यातही थकबाकीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस लोटल्याखेरीज मालकास त्यासाठी दावा लावता येत नाही. आईने गाठोडी सोडली. थोडे थोडे करून दिवाळीपूर्वी आम्ही सारे भाडे फेडले. पावती मात्र दर वेळी मागून घेतली.